प्रीफॅब निवारा सोलापुरात उभारताना: जागा, पाया, सांगाडा आणि मगच पत्रा

सोलापूर शहराच्या कडेच्या वस्त्यांत, ऊसतोड मजुरांच्या तळांवर आणि पूर ओसरल्यावर गावाबाहेरच्या माळावर उभे राहणारे बहुतेक तात्पुरते निवारे एकाच क्रमाने फसतात. आधी पत्र्याच्या दुकानात जाऊन भाव ठरतो, मग वेल्डरला बोलावून जागेवरच पाइप कापले जातात आणि पाया म्हणजे जमिनीत गाडलेले खुंट एवढाच अर्थ उरतो. फेब्रुवारीत उभारलेले असे शेड मार्चमध्ये ठीक दिसते, एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही आणि पहिल्याच वळवाच्या वादळात त्याचे पत्रे शेजारच्या शेतात जाऊन पडतात. खाली दिलेला क्रम प्रीफॅब, म्हणजे भाग आधी वर्कशॉपमध्ये तयार करून जागेवर बोल्टने जोडायच्या निवाऱ्याचा असून, तो स्वयंसेवी संस्था, ग्रामपंचायती, मुकादम आणि नवे अभियंते यांच्यासाठी आहे. यातील मापे एका पाच माणसांच्या कुटुंबाच्या निवाऱ्याची असून, जास्त संख्येने निवारे उभारण्यापूर्वी ती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेणे आवश्यक आहे.

टप्पा १: राहणाऱ्यांशी बोलणे आणि जागा निवडणे

पहिली भेट मोजपट्टी न घेता करावी. त्या घरात दिवसभर काय चालते, हे आधी समजून घ्यावे लागते. विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन कित्येक तास जमिनीवर बसते; तिला उजेड हवा असतो तो बैठकीच्या उंचीवर, त्यामुळे नेहमीची तीन फुटांवरची खिडकी तिच्या डोक्यावरून जाते. भिजवलेली पाने आणि कोरडी तंबाखू एकाच खोलीत ठेवायची असल्यामुळे ओल चढणारी फरशी तिला चालत नाही. शिलाई मशीन असलेल्या घरात विजेचा बोर्ड कोठे असावा, हे मशीनच्या जागेवरून ठरते. ऊसतोड कुटुंबाला मात्र बैल, गाडी आणि पहाटे निघण्याची वाट यांचाच विचार आधी करावा लागतो. हे न विचारता केलेला आराखडा कागदावर देखणा असला, तरी महिनाभरात लोक त्याला भोके पाडून आपल्या सोयीचा करून घेतात आणि त्या भोकांतूनच पुढे पाणी शिरते.

जागा पाहताना तीन गोष्टी ठरवाव्यात: जमीन कोणाची आहे आणि लेखी परवानगी कोण देणार, पाणी कोठून येते व कोठे जाते, आणि माती कोणती आहे. भीमा किंवा सीनेच्या काठावरील गावात पाटबंधारे विभागाची पूररेषा पाहावी. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत निवारा, मग तो तात्पुरता का असेना, उभारू नये. भीमेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पाऊस पुणे जिल्ह्यात पडतो, उजनीतून विसर्ग सुटतो आणि पंढरपूरच्या बाजूला आभाळ कोरडे असतानाही नदी चढते. म्हणून गावातील वयस्कर माणसांना पाणी कोणत्या भिंतीपर्यंत आले होते ते विचारून त्याची खूण करून घ्यावी.

> तपासणी: निवडलेल्या जागेवर दोन फूट खोल खड्डा खणावा. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा आणि पावसात बुटाला चिकटणारी माती दिसली, तर ती फुगणारी काळी माती आहे. अशा जागेसाठी टप्पा ६ मधील बिछाना टाळता येणार नाही.

टप्पा २: मापे ठरवणे

मानवतावादी मदतकार्यात जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर निकषांनुसार स्वयंपाक व न्हाणी वगळून माणशी किमान ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा हवी, म्हणजे पाच माणसांना १७.५ चौरस मीटर किंवा सुमारे १९० चौरस फूट. आता हा आकडा बाजारात मिळणाऱ्या मालाशी जुळवायचा असतो आणि पैसा वाचतो तो येथेच. बोर्ड किंवा प्लाय ८ × ४ फुटांत मिळतो, पत्रा बारा फुटी मिळतो आणि पाइप वीस फुटी म्हणून मिळतो. परंतु वीस फुटी म्हणून विकला जाणारा पाइप अनेकदा प्रत्यक्षात ६ मीटर, म्हणजे १९ फूट ८ इंच भरतो. दुकानातच मोजून घ्यावा.

या तिन्ही मालांना सोसेल असे माप पुढीलप्रमाणे निघते: लांबी २० फूट, रुंदी ९ फूट ६ इंच, एकाच बाजूला उतार, बुटक्या बाजूची उंची ८ फूट आणि उंच बाजूची १० फूट. लांबीत चार फुटी पाच बोर्ड बसतात. खांबांच्या चौकटी ०, ८, १२ आणि २० फुटांवर येतात, म्हणजे चार चौकटी आणि आठ खांब. मधला चार फुटांचा गाळा दारासाठी राहतो. एका पाइपातून एक दहा फुटी आणि एक आठ फुटी खांब निघतो, उरलेल्या तुकड्यांतून जोडपट्ट्या व आधार होतात.

रुंदी सरळ दहा फूट का घेतली नाही, असा प्रश्न वेल्डर हमखास विचारतो. उतरत्या पाइपाची लांबी आडव्या मापापेक्षा जास्त असते. दहा फूट रुंदीला दोन फुटांचा चढ दिला, तर तिरका पाइप १० फूट २½ इंच लागतो आणि एका पाइपातून दोन निघत नाहीत. प्रत्येक चौकटीमागे नऊ फुटांहून मोठा तुकडा भंगारात जातो. साडेनऊ फूट रुंदीला हाच पाइप ९ फूट ८½ इंच लागतो आणि ६ मीटरमधून दोन निघतात. बारा फुटी पत्रा घातल्यावर दोन्ही बाजूंना फुटाहून थोडी जास्त वळचण मिळते, ती वेगळा खर्च न करता.

पत्र्यांची संख्या काढताना पत्र्याची पूर्ण रुंदी धरू नये. शेजारच्या पत्र्यावरचा चढाव वजा जाता जी उरते, तीच धरावी.

लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवाव्यात, उंच बाजू उत्तरेला घ्यावी. दार व खिडक्या उत्तरेला आल्या की दिवसभर सावलीचा उजेड मिळतो आणि छपराचे पाणी दारात न पडता दक्षिणेला पडते. उत्तरेच्या भिंतीत आठ फुटी बोर्डाच्या वर दोन फुटांची पट्टी आपोआप मोकळी राहते. तेथे बारीक जाळी लावावी. गरम हवा तेथून बाहेर जाते. पश्चिमेची भिंत मात्र बिनखिडकीची असावी.

> सावधान: आराखडा पक्का होण्यापूर्वी पत्रा, बोर्ड किंवा पाइप यांपैकी काहीही खरेदी करू नये. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला दहा फुटी पत्रा नंतर खोलीची रुंदी ठरवू लागतो.

टप्पा ३: वाऱ्याचा हिशेब

हलक्या शेडच्या बाबतीत वजन पेलण्याचा प्रश्न गौण असतो. शेड उचलले जाऊ नये, हा मुख्य प्रश्न असतो. भारतीय मानक आय. एस. ८७५ च्या तिसऱ्या भागातील वाऱ्याच्या नकाशात सोलापूर सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाच्या पट्ट्यात येते. पाच वर्षे टिकायच्या तात्पुरत्या बांधकामाला हे मानक ०.७६ चा गुणक लावण्याची सवलत देते. ती घेतली, तर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५४ किलो येतो. वरून खेचणारा वारा आणि उघड्या दारातून आत शिरून खालून ढकलणारा वारा एकत्र आले की तो ढोबळमानाने दीडपट धरावा लागतो. आपल्या छपराचे क्षेत्र वळचणीसह सुमारे २३ चौरस मीटर आहे. म्हणजे छपराला वर ओढणारे बल पावणेदोन ते दोन टनांच्या घरात जाते. याउलट पत्रे आणि सांगाडा मिळून जेमतेम ३०० ते ३५० किलो भरतात.

हा फरक पायाने भरून काढायचा असतो. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा सुमारे ३०० किलोचा होतो. असे आठ ठोकळे म्हणजे २४०० किलो. हिशेब येथे जमतो, पण सवलत घेतली आहे म्हणून. तात्पुरते म्हणून उभारलेले निवारे दहा-दहा वर्षे वापरात राहतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. तशी शक्यता असेल, तर सवलत घेऊ नये. दाब ९० किलोंच्या पुढे जातो आणि ठोकळा दोन फूट लांब, रुंद व खोल, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोंचा करावा लागतो. माझ्या मते जादा काँक्रीटचा हा खर्च नेहमीच करावा. बचत करायचीच असेल, तर ती भिंतीच्या बोर्डात करावी.

छपरावर दगड, टायर किंवा विटा ठेवण्याची पद्धत मोडून काढावी. दहा किलोंचा दगड एका चौरस मीटरवरील ८० किलोंच्या ओढीला अडवू शकत नाही आणि वादळात तोच खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतो.

> तपासणी: पत्रा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पाइपाला), पर्लिन तिरक्या पाइपाला, तिरका पाइप खांबाला, खांब तळपट्टीला (खांबाच्या बुडाच्या लोखंडी पट्टीला) आणि तळपट्टी काँक्रीटमधल्या बोल्टला, अशी साखळी कागदावर काढून प्रत्येक जोडाचा बोल्ट किंवा स्क्रू लिहावा. एक कडी रिकामी राहिली, तर उरलेल्या सर्व निरुपयोगी आहेत.

टप्पा ४: उष्णता अडवणे

सोलापूरचे अक्षांश १७ अंश ४० कलांच्या जवळपास आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट माथ्यावर असतो. पारा ४० अंशांच्या वर असताना भिंतींना ऊन कमी आणि छपराला सर्वाधिक लागते. तरीही बहुतेक आराखड्यांत पैसा जाड भिंतींवर खर्च होतो आणि वर उघडा पत्रा राहतो.

छपराखाली सहा इंचांची मोकळी पोकळी ठेवून बांबूच्या तट्ट्याचे दुसरे आच्छादन बांधावे. पोकळीची दोन्ही टोके वारा खेळण्यासाठी उघडी आणि जाळी लावलेली असावीत. ती बंद केली, तर गरम हवा आतच कोंडते आणि तट्ट्याचा निम्मा उपयोग वाया जातो. पत्र्याचा वरचा रंग पांढरा किंवा फिकट असावा. गिऱ्हाईक दुकानात गडद निळा किंवा तांबडा पत्रा मागते, कारण तो मळत नाही. सोलापूरच्या उन्हात हा सौदा महागात पडतो. जुना गडद पत्रा वापरायचा असेल, तर त्यावर पांढरा परावर्तक रंग मारावा. साधा चुना चालतो, परंतु तो दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी पुन्हा मारावा लागतो.

पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार तक्ते, उष्णता उत्तम अडवतात, मात्र दोन अटींवर वापरावेत. आत किंवा भिंतीला लागून चूल नसावी, आणि पॅनेलची कापलेली कड उघडी राहू नये. आतला फोम पेटला, तर होणारा धूर विषारी असतो. थर्मोकोल भरलेले स्वस्त पॅनेल तर चुलीच्या घरात वापरूच नयेत. पाचटाचे आच्छादन थंड असते, पण उसाच्या तळावर एका ठिणगीने सगळी रांग जाते.

टप्पा ५: वर्कशॉपमधील काम

१. जमिनीवर लोखंडी पट्ट्या ठोकून चौकटीचा एक पक्का साचा, म्हणजे जिग, तयार करावा आणि सर्व चौकटी त्यातच वेल्ड कराव्यात. पहिली चौकट पाहून दुसरी बनवली, तर दहाव्या चौकटीपर्यंत अर्ध्या इंचाचा फरक पडतो आणि जागेवर एकही छिद्र जुळत नाही.

२. जागेवर होणारे सर्व जोड बोल्टचे ठेवावेत. वेल्डिंग फक्त वर्कशॉपमध्ये करावे. जागेवर वेल्ड केलेले शेड पुन्हा सुटे होत नाही; मग त्याला प्रीफॅब म्हणण्यात अर्थ उरत नाही. जोडपट्टीतील छिद्रे किंचित लांबट ठेवली, तर उभारणीत थोडी सूट मिळते.

३. खांबांसाठी दोन इंची चौकोनी पाइप किमान २ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. १.२ मिलिमीटरचा पाइप स्वस्त मिळतो, परंतु बोल्ट आवळतानाच दबतो आणि गंज लागल्यावर लवकर फुटतो.

४. छिद्रे पाडून झाल्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावा, आधी नव्हे.

५. प्रत्येक भागावर रंगाने क्रमांक टाकावा आणि चौकटीनुसार वेगवेगळा रंग वापरावा. सोलापुरात एकाच उभारणीच्या गटात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे कामगार असतात. लेखी सूचनांपेक्षा रंग, आकडा आणि चित्र यांनी काम चुकत नाही.

६. कोणताही भाग दोन माणसांना उचलता आला पाहिजे. दहा मिलिमीटरचा ८ × ४ फुटी सिमेंट बोर्ड सुमारे ३७ किलोंचा असतो; चौकटीसह तो पन्नासच्या आत राहतो. वस्तीच्या बोळात क्रेन पोहोचत नाही आणि टेम्पोही बऱ्याचदा तोंडाशीच थांबतो.

> तपासणी: एक निवारा वर्कशॉपच्या आवारात संपूर्ण उभा करून पुन्हा मोडावा. छपरावर नळीने पाणी सोडून आतून पाहावे. उन्हात दुपारी तीनच्या सुमारास झोपण्याच्या उंचीवर तापमान मोजून बाहेरच्या सावलीतील तापमानाशी ताडून पाहावे. यात जे आढळेल ते दुरुस्त केल्याशिवाय दुसरा निवारा बनवायला घेऊ नये.

टप्पा ६: बिछाना आणि पाया

काळ्या मातीत सर्वांत जास्त केली जाणारी चूक म्हणजे खड्डा खणून त्यात मुरूम भरणे. मुरुमातून पाणी खाली जाते, काळी माती ते जाऊ देत नाही आणि शेडखाली हौद तयार होतो. म्हणून फक्त वरचा सैल, गवताचा थर काढावा आणि मुरुमाचा बिछाना जमिनीच्या वर घालावा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमसाने ठोकणे, असे करत तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच न्यावा. बिछाना शेडच्या चारही बाजूंनी दोन-दोन फूट जास्त असावा आणि कडेला उतार द्यावा. भोवतीची चारी ज्या बाजूला पाणी जाते त्या बाजूला उघडावी; चारीला तोंडच ठेवले नाही, तर ती डासांची पैदास करते.

नंतर दोरी लावून आखणी करावी. वीस फूट आणि साडेनऊ फूट बाजूंच्या आयताचा कर्ण २२ फूट १¾ इंच येतो. दोन्ही कर्ण मोजून सारखे आल्याशिवाय एकही खड्डा घेऊ नये. पातळी पाण्याच्या नळीने काढावी, नुसत्या डोळ्याने नव्हे. काँक्रीट ओतताना बोल्ट तळपट्टीच्याच छिद्रांच्या लाकडी फर्म्यात धरावेत आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून कापड गुंडाळावे. किमान सात दिवस पाणी मारावे. उन्हाळ्यात गोणपाट टाकून ते ओले ठेवावे लागते.

> सावधान: ओल्या काँक्रीटमध्ये खांब थेट उभा करून ठेवू नये. असा खांब जमिनीच्या पातळीला गंजतो आणि मोडणीच्या वेळी कापावाच लागतो.

टप्पा ७: उभारणी

वादळी दिवसांत दुपारनंतर उभारणी सुरू करू नये. वळीव बहुधा तिसऱ्या प्रहरी येतो.

१. दोन टोकांच्या चौकटी ओळंब्यात उभ्या करून दोराने ताणाव्यात, मग मधल्या दोन बसवाव्यात.

२. फुलीचे तिरके आधार दोन्ही आखूड भिंतींत आणि मागच्या भिंतीत लावावेत. हे छपराआधी व्हायला हवे. बोर्ड लागले की आधाराची गरज नाही, असे कारागीर म्हणतात. बोर्ड मोडल्यावर मात्र पूर्ण चौकट तिरकी होते.

३. पर्लिनच्या चार ओळी लावाव्यात. पाइप चार इंच कमी पडत असेल, तर जोड चौकटीवरच घ्यावा, मध्ये अधांतरी नव्हे.

४. पत्रा पूर्वेच्या टोकापासून लावत पश्चिमेकडे जावे. सोलापुरात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेचा असल्यामुळे चढावाची उघडी कड त्याच्या तोंडाला येत नाही. रबरी वॉशरचे स्क्रू नाळीच्या उंचवट्यावर मारावेत. खोलगट भागात मारलेला स्क्रू पहिल्या पावसात गळतो. वळचणीच्या दोन्ही ओळींत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू असावा, मधल्या ओळींत एकाआड एक चालतो.

५. भिंती लावताना पश्चिमेची आधी बंद करावी.

> सावधान: छप्पर पूर्ण, तीन भिंती बंद आणि पश्चिम बाजू उघडी अशा स्थितीत शेड एका रात्रीसाठीही सोडू नये. सर्वाधिक उडणारे शेड असेच असते. काम राहणार असेल, तर भिंती न लावता चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

टप्पा ८: चूल, वीज आणि दोन निवाऱ्यांमधील अंतर

चुलीसाठी स्वतंत्र आडोसा शेडपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावा. दोन निवाऱ्यांत किमान दोन मीटर आणि शक्य असेल तेथे उंचीच्या दुप्पट, म्हणजे येथे वीस फूट अंतर ठेवावे. रांगा लांबच लांब न करता चार-सहा निवाऱ्यांचे चौक केले, तर मुलांवर लक्ष राहते आणि आगीलाही खंड पडतो. शौचालय वीस माणसांमागे एक आणि निवाऱ्यापासून पन्नास मीटरच्या आत असावे. वाटेवर दिवा नसेल, तर स्त्रिया रात्री ते वापरत नाहीत. दाराला आतून भक्कम कडी असावी.

लोखंडी सांगाड्याला अर्थिंग केल्याशिवाय वीज आत घेऊ नये. वायर पाइपातून न्यावी आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा स्विच बसवावा. महावितरणची तात्पुरती जोडणी मिळण्यास वेळ लागतो, म्हणून अर्ज पाया घालण्याआधीच करावा. आकडा टाकलेल्या वायरीची साल पत्र्याच्या कडेवर घासून गेली की पूर्ण शेड विजेने भारले जाते, आणि ओल्या पायांनी दार उघडणारे सर्वांत आधी सापडते ते मूल असते.

टप्पा ९: ताबा, देखभाल आणि मोडणी

ताबा देताना कुटुंबाला एक पाना, पाच-दहा जादा बोल्ट आणि वॉशरचे स्क्रू द्यावेत व कोणते जोड कधी तपासायचे ते प्रत्यक्ष हात लावून दाखवावे. वर्षातून दोनदा तपासणी पुरते: मार्चअखेर, वळवापूर्वी, आणि ऑगस्टच्या शेवटी, कारण सोलापूरचा सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. तळपट्टीवर माती चढलेली असेल, तर ती काढून रंगाचा हात द्यावा. भिंतीच्या खालच्या फटीतून विंचू येतात. ती सिमेंटने नव्हे, रबरी पट्टीने बुजवावी, म्हणजे बोर्ड पुढे सुटा करता येतो.

मोडताना क्रम नेमका उलटा घ्यावा: वीज, मग भिंती, पत्रे, पर्लिन, आणि तिरके आधार सर्वांत शेवटी, चौकटींना दोर बांधल्यानंतर. बोल्ट त्याच क्रमांकाच्या पिशवीत जावेत. पत्र्यांची जुनी छिद्रे पुन्हा त्याच जागी यावीत म्हणून पत्र्यावरही क्रमांक टाकावा. ओले पत्रे एकावर एक आडवे रचले की त्यांच्यात पांढरा गंज धरतो. ते कोरडे करून, थोडे तिरके उभे, छपराखाली ठेवावेत. काँक्रीटमधून वर आलेल्या बोल्टना ग्रीस लावून त्यांवर पाइपाचे तुकडे उलटे घालावेत, नाहीतर अंधारात त्यांना पाय अडखळतात.